गोधडी लावलेलं दार

शांतवनमामांनी पहिल्याच रविवारी माझ्या हातातला खारीचा पुडा काढून घेतला आणि कपाटात ठेवून वर कुलूप लावलं. मी दौंडला नवीन, ओळख ना पाळख, कॉफीच्या कार्यक्रमाला रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून बेकरीतून ताजी खारी घेऊन गेलेले. म्हातारा म्हणाला, "वाजते."

"काय वाजते?"

"खारी. चावली की वाजते. नानकटाई चालेल. मारी बिस्किट कॉफीत बुडवून चालेल. खारी नाही, टोस्ट नाही, चिवड्याचं तर नावच काढू नका. जाताना पुडा घेऊन जा."

माझं डोकंच फिरलं. मी इनामगावची, लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढते, मला असलं कोणी बोलत नाही. पण तोवर कॉफी हातात आली होती, दाट, जायफळ घातलेली. आणि एवढ्यात मामांनी कोपऱ्यातला हिरवा झेंडा उचलून वर धरला. तीसएक माणसं एका क्षणात गप्प झाली आणि समोरच्या मुलानं गिटारीची तार छेडली. माइक नाही, स्पीकर नाही, नुसता गळा आणि तारा. त्यानंतर सहा वर्षं मी रविवार चुकवला नाही, आणि खारीही पुन्हा नेली नाही.

मामा रेल्वेत गार्ड होते, मालगाडीवर. बत्तीस वर्षं शेवटच्या डब्यात एकट्यानं बसून दौंड ते सोलापूर, दौंड ते मनमाड. नाव शांतवन आणि डोकं कायम तापलेलं. बायको मार्थाबाई गेल्यावर घरात करमेना, तेव्हा स्टेशनामागच्या चर्चच्या आवारातली, गल्लीकडं दार असलेली एक लांबट खोली त्यांनी पाळकसाहेबांकडून मागून घेतली. पूर्वी तिथं पोरांची रविवारची शाळा भरायची. तिथं दर रविवारी पाच ते सात कॉफी आणि गाणी. कुणीही यावं, काहीही म्हणावं. ख्रिस्ती भजन झालं की गवळण व्हायची, गवळणीमागून भीमगीत, मग रेल्वे कॉलनीतला एखादा रिटायर ड्रायव्हर माउथ ऑर्गन काढायचा. अट एकच, विजेला जोडायचं काही आणायचं नाही.

"बत्तीस वर्षं चाकं ऐकली," मामा म्हणायचे. "आता मला माणूस ऐकू द्या."

नोकरी सुटली तरी नोकरीची बोली सुटली नव्हती. पाटीवर खडूनं नावं आणि वेळा लिहायचे, त्याला टाइमटेबल म्हणायचे. गाणाऱ्याचा श्वास कमी पडला की "घाटात दमली." कुणी ताल सोडला की "रूळ सोडला." मला ते 'लॅब' म्हणायचे. "ओ लॅब, कप गोळा करा." बशा ठेवत नसत, खणखणाट होतो म्हणून. हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, आणि मध्येच कुणाचा मोबाइल वाजला की लाल झेंडा थेट त्याच्या नाकासमोर. एकदा मी आवराआवर करताना दोन्ही झेंडे एकदम उचलले तर अंगावर धावून आले.

"दोन्ही एकदम कधी दाखवायचे नसतात! ड्रायव्हरनं काय समजायचं? जायचं का थांबायचं?"

"मामा, इथं कुठला आलाय ड्रायव्हर?"

"सवय बिघडते," म्हणाले आणि झेंडे हातातून हिसकावून घेतले.

खोली देताना चर्चच्या कमिटीनं बजावलं होतं की आवाज गल्लीत जाता कामा नये. साळवे सर कमिटीचे सेक्रेटरी, माणूस वाईट नव्हे पण भित्रा. दर महिन्याला येऊन सांगायचे, "मामा, दिवस कसे आहेत बघताय ना? एक तक्रार आली की किल्ली परत द्यायची." म्हणून मामांनी मार्थाबाईंच्या हातच्या, लुगड्यांच्या दोन गोधड्या दाराला आतून खिळे मारून लावल्या होत्या. खिडक्यांना थर्माकोल. मग मला बाहेर गल्लीत उभं करून आत स्वतः बेंबीच्या देठापासून ओरडायचे आणि दार उघडून विचारायचे, "आलं काही ऐकू?"

"एक अक्षर नाही."

"राइट टाइम!" असे खूश व्हायचे की बस्स.

पाचला ते दार लागायचं, म्हणजे गाडी सुटली. उशिरा येणाऱ्यानं गाणं संपेपर्यंत पडवीत उभं राहायचं. एकदा खुद्द पाळकसाहेब तीन मिनिटं लेट आले तर त्यांनाही उभं केलं. बिचारे छत्री घेऊन मुकाट उभे राहिले.

कोमलला तिथं मीच घेऊन गेले, म्हणून पुढच्या सगळ्याचं मला आजही लागून आहे.

ती आमच्या लॅबमध्ये शिकायला यायची. विशीतली, मान खाली घालून काम करणारी. नळ्यांवर नावं चिकटवताना गुणगुणायची. एकदा कान देऊन ऐकलं तर जात्यावरच्या ओव्या. आजीच्या, म्हणाली. आजी तीन वर्षांपूर्वी गेलेली, कासुर्डीच्या घरात जातं अजून आहे म्हणे, पण दळत कुणी नाही. मी म्हटलं, चल रविवारी.

"आण्णांना विचारावं लागंल," ती म्हणाली. आण्णा म्हणजे तिचे वडील, विलासराव. पाटसकडच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. घरी तिनं एवढंच सांगितलं की मॅडमबरोबर गाण्याच्या कार्यक्रमाला जातेय. कुठल्या, ते त्यांनी विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी साथीला काही नको म्हणाली. मामांनी हिरवा दाखवला. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली:

"दळण दळीते, हात दुखतो खांद्याला,
विलास बाळ माझा गेला उसाच्या बांधाला..."

आपल्याकडं बायका ओवीत लेकाचं नाव घालतात, तसं म्हातारीनं घातलं होतं. मामा एरवी गाणं सुरू झालं की झेंडा गुंडाळून मांडीवर घेत. त्या दिवशी पाचही ओव्या होईपर्यंत हात वरच राहिला. संपल्यावर नुसतं "ओके" म्हणाले आणि कॉफी ओतायला उठले. पाठ आमच्याकडं करून बराच वेळ ओतत बसले.

"आण्णांना म्हणून दाखवलंस कधी?" मी परतताना विचारलं.

"न्हाई. आजीचं नाव काढलं की ते ताटावरनं उठून जातात."

चार-पाच महिने बरे गेले. मग गावातल्या एका तरुण मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरला. आमच्या बंद दाराचा. खाली लिहिलेलं, दर रविवारी दार लावून आत काय चालतं? आपल्या पोरी आत जातात, कॉफी पाजून धर्म बदलतात. मला तर हसावं का रडावं कळेना. माझ्या आजोबांनी धर्म बदलला तो भर दिवसा, छातीठोकपणे, अख्ख्या गावाला सांगून. कॉफीच्या कपापायी कोण बदलतं हो धर्म? पण साळवे सरांचा चेहरा उतरला होता. शनिवारी येऊन म्हणाले, "मामा, थोडे दिवस बंद ठेवा."

"गाडी रद्द करायची तर लेखी ऑर्डर द्या," मामा म्हणाले.

सरांनी लेखी दिली नाही. रविवारी आम्ही जमलो. नेहमीची निम्मी माणसं. मामांनी पाचला दार लावलं, कडी घातली, गोधडीचा कोपरा सारखा केला. पाटीवर कोमलचं नाव तिसरं.

तिची पहिलीच ओवी चालू होती आणि दारावर धाड धाड थापा पडल्या. "दार उघडा!" चार-पाच जणांचा आवाज, गोधडीमुळं दबलेला. कोमल थांबली नाही, पण तिचे डोळे मामांवर. मी मामांकडं पाहिलं. म्हटलं, आता उघडतील. मामा उठले, दारापाशी गेले आणि आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. पाठ दाराला टेकवलेली, हातात हिरवा झेंडा. थापांनी पाठ हादरत होती आणि ते झेंडा खाली घेईनात. पोरीनं पाचही ओव्या पुऱ्या केल्या. माझ्या हातातला कप थंडगार झाला होता. मग मामांनी झेंडा गुंडाळला, जागेवर ठेवला आणि कडी काढली.

सगळ्यात पुढं विलासराव होते. आत त्यांची मुलगी उभी. त्यांनी एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा दारावरच्या गोधडीकडं.

"एवढा येळ का लागला दार उघडाया?" ते म्हणाले. "काय चाललंय आत?"

"गाणं चालू होतं," मामा म्हणाले. "गाणं संपल्याशिवाय दार उघडत नाही इथं."

"चांगली गोष्ट दार लावून करत्यात व्हय? आन् वर गोधड्या ठोकल्यात? चल गं."

मी तोंड उघडलं, पण ते ऐकून घ्यायला थांबलेच नाहीत. कोमलची चप्पल आतच राहिली. ती अनवाणी गेली.

पोलीस स्टेशनला तक्रार गेली. चौकशीला एक हवालदार आला, त्यानं कॉफी घेतली, चांगली आहे म्हणाला आणि गेला. पण कमिटीला तेवढं पुरलं. साळवे सरांनी किल्ली मागून घेतली. कोमलचं लॅबला येणंही बंद झालं. फोन केला की बंद.

पुढचे चार रविवार मामा पाचला आवारातल्या पायरीवर येऊन बसायचे. मागं कुलूप, मांडीवर दोन गुंडाळलेले झेंडे. सातला उठून जायचे. मी शेजारी बसायचे. एरवी मला ताळ्यावर आणणारा हा माणूस गप्प बसला की जीव घाबरायचा. चौथ्या रविवारी एकदम म्हणाले, "लॅब, तो माणूस दाराबाहेर उभा होता."

"होता. मग?"

"आत त्याची आई त्याचं नाव घेत होती. आणि मी गोधडी लावून ठेवलेली."

त्यांनी मांडीवरचे झेंडे सारखे केले.

"बत्तीस वर्षांत माझ्या गाडीला एक अपघात नाही," ते म्हणाले. "हा माझ्यावर आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते काळा कोट घालून लॅबच्या दारात. चला, म्हणाले, विलासरावांच्या घरी. जन्मात कुणाची माफी न मागितलेला हा माणूस, पाळकांना छत्री घेऊन उभं करणारा. तो आज माफी मागायला निघाला होता.

विलासराव ओट्यावर बसले होते. बसा म्हणाले नाहीत. आत कोमलची सावली हलली.

"माझी चूक झाली," मामा उभ्या उभ्या म्हणाले. "बाप दारात उभा असताना मी दार उघडलं नाही. उघडायला पाहिजे होतं."

विलासराव भांडायच्या तयारीत होते, समोरच्यानं माफी मागावी हे त्यांना नवीन असावं. "माझी पोर काय म्हणती, कुणाम्होरं म्हणती, ते मला कळाया नको व्हय? गावानं मला सांगायचं?"

"बरोबर आहे तुमचं."

आता माझ्या जिभेवर आलं होतं. अहो, तुमच्या आईच्या ओव्या म्हणते ती, तुमच्या नावाच्या! मी "अहो आण्णा..." एवढं म्हटलंही. मामांनी माझ्याकडं असं काही पाहिलं की मी तोंड मिटलं. लाल झेंडाच तो, फक्त डोळ्यांतला.

"येत्या रविवारी दार उघडं असेल," मामा म्हणाले. "दोन्ही फळ्या. तुम्ही या. नाही बसलात तरी चालेल, रस्त्यावरून ऐका. नाही पटलं तर मी स्वतः बंद करीन, पुन्हा उघडणार नाही."

विलासराव उठून आत गेले. गल्लीच्या टोकाला आल्यावर मी मामांवर उखडले. "सांगायला काय झालं होतं? एका वाक्यात मिटलं असतं!"

"सांगून पटत नसतं बाई. गाडी दिसली की मग म्हणायचं, आली."

साळवे सरांकडून त्यांनी एक रविवार मागून घेतला. सर म्हणाले, दार उघडं, आणि जरा जरी गडबड झाली तर खोली कायमची बंद. मामांनी शनिवारी पक्कड घेऊन गोधडीचे खिळे एकेक करून काढले. मी मदतीला गेले तर हात लावू दिला नाही. गोधड्या घडी घालून पिशवीत ठेवल्या. उघड्या दारातून अख्खं दौंड आत येत होतं, कुकरच्या शिट्ट्या, हॉर्न, भेळवाल्याची घंटा. मामांच्या कपाळाची शीर उडत होती.

रविवारी पाचला आम्ही बाराजण. पाटीवर कोमलचं नाव होतं, पण ती येईल याचा भरवसा नव्हता. सव्वापाचला एक मोटरसायकल समोरच्या कडेला येऊन थांबली. मागून कोमल उतरली, खाली मान घालून आत आली. विलासराव गाडीवरच बसून राहिले, एक पाय रस्त्याला टेकवून, हात घडी घालून. मामांनी बाहेर पाहिलं आणि आधीची दोन नावं पाटीवरून पुसून टाकली. टाइमटेबल मोडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

कोमल उभी राहिली. मामांनी हिरवा उचलला आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दणदणाट सुरू झाला.

गाळपाचे दिवस होते. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रेलर वरपर्यंत भरलेले आणि ड्रायव्हरच्या डोक्याशी माणसाएवढे दोन स्पीकर. मोठा रस्ता तुंबला की हे लोक गल्लीत घुसतात. खिडक्या थरथरायला लागल्या. कोमलनं तोंड उघडलं, मिटलं. माझ्या मनात आलं, संपलं. हा निघून जाईपर्यंत विलासरावांनी गाडीला किक मारलेली असणार.

मामा दोन्ही झेंडे घेऊन बाहेर पडले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि उजव्या हातानं लाल झेंडा ट्रॅक्टरसमोर धरला. ब्रेक करकचले. उसाच्या मोळ्या पुढं कलल्या. चाक त्यांच्यापासून दोन हातांवर थांबलं.

"ओ बाबा! मरायचंय का? व्हा बाजूला!" ड्रायव्हर ओरडला. स्पीकर चालूच.

मामा हलले नाहीत. त्यांनी मान वळवून उघड्या दारातून आत पाहिलं आणि डाव्या हातानं हिरवा वर केला. उजवीकडं लाल, डावीकडं हिरवा. दोन्ही एकदम.

कोमलनं डोळे मिटले आणि सुरू केलं. ओठ हलताना दिसत होते, शब्द मलाही ऐकू येत नव्हता, आणि मी तिच्यापासून चार पावलांवर होते.

विलासराव मोटरसायकलवरून उतरले. वाटलं, आता मामांच्या अंगावर जातात. ते मामांच्या शेजारून ट्रॅक्टरकडं गेले.

"बंद कर त्ये."

"ओ, तुमी कोण..." ड्रायव्हर म्हणाला आणि मग त्यानं नीट पाहिलं. काट्यावरचा माणूस न ओळखणारा उसाचा ड्रायव्हर अजून जन्माला यायचाय. "आण्णा व्हय! करतो की, करतो."

स्पीकर थांबले. मग ड्रायव्हरला काय वाटलं कोण जाणे, त्यानं इंजिनही बंद केलं. गल्लीत एकदम शांतता झाली आणि दारातून आवाज बाहेर आला.

"...विलास बाळ माझा गेला उसाच्या बांधाला."

विलासराव ट्रॅक्टरच्या चाकाला हात लावून उभे होते, तसेच राहिले. मान आमच्याकडं वळली नाही. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी ओवी. मामांचे दोन्ही हात वर. म्हाताऱ्याचे दंड कापत होते. मी रडत होते, लाजायचं काय त्यात.

संपल्यावर विलासराव मामांजवळ आले. "आईचं हाय त्ये," एवढंच म्हणाले. मग मोटरसायकलकडं वळत, "पुढल्या रविवारी मी सोडाया येतो तिला. दार उघडं ठेवा."

"ठेवतो," मामा म्हणाले.

आणि ठेवलं. गोधड्या परत लागल्या नाहीत, किल्ली मामांकडं आली, माणसं चाळीसवर गेली. साळवे सरही येऊन बसायला लागले. फक्त दार उघडं म्हटल्यावर गल्ली आवरायला कुणीतरी लागणार. मामांनी ते काम दुसऱ्या कुणाला दिलं नाही. स्टूल घेऊन रस्त्याच्या कडेला बसायचे, लाल झेंडा हातात. हॉर्नवाल्याला थांबवायचे, भेळवाल्याला वळवायचे, तिथूनच हिरवा दाखवायचे. ज्यानं निव्वळ माणसाचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून हे सगळं मांडलं, तो त्यानंतर आत बसून एकही गाणं ऐकू शकला नाही. आम्ही सगळ्यांनी आलटून पालटून बसतो म्हणून सांगितलं. खेकसले आमच्यावर. मामा जाऊन आता दीड वर्ष झालं.

त्याच्या आदल्या महिन्यात माझी शिरूरला बदली झाली. शेवटच्या रविवारी एसटी गाठायची म्हणून कोमल गात असतानाच मला उठावं लागलं. गाण्याच्या मधे उठायची माझी पहिलीच वेळ. बाहेर मामा स्टुलावर बसलेले, तोंड दाराकडं. एक रिक्षा फटफटत गेली. मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले.

"लॅब, चौथी झाली का पाचवी चालूय?" त्यांनी विचारलं.

"पाचवी. इथून ऐकू नाही येत?"

"नाही. आतल्यांच्या माना हलताना दिसतात तेवढ्या." त्यांनी झेंड्याच्या काठीनं दार दाखवलं. "चाललीय ना नीट?"

"चाललीय, मामा."

"मग जा. एसटी चुकेल," म्हणाले, आणि बसल्या बसल्या मला हिरवा दाखवला.